चक्क्याचे हलके चॉकलेट मूस

चॉकलेट मूसचा जडपणा मुख्यतः मलईतून येतो; तिच्या जागी घरच्या दह्याचा चक्का वापरला, तर स्निग्धांश बराच घटतो आणि मऊपणा टिकतो. अर्धा किलो ताजे दही धुतलेल्या पंचात बांधून चार तास टांगावे. मात्र वैशाखात आपल्या विदर्भात ते स्वयंपाकघरात टांगले तर हमखास आंबट होते, म्हणून चाळणीत ठेवून फ्रिजमध्येच निथळू द्यावे.

तीन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, ५० ग्रॅम किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ चार चमचे कढत पाण्यात घोटावे. कढत पाण्याने कोकोचा वास खुलतो आणि गुठळ्या राहत नाहीत. गूळ साखरेहून फारसा हलका नसतो, तेव्हा हात आखडताच ठेवावा. मिश्रण पूर्ण निवल्यावरच चक्क्यात थोडे थोडे घालून, झाऱ्यावरून गुळगुळीत पट्टी ओघळेपर्यंत फेटावे.

शेवटी धुतलेल्या संत्र्याची फक्त केशरी साल किसून घालावी. खालचा पांढरा भाग कडू असतो. वरुड-मोर्शीकडचे संत्रे मिळाले तर या पदार्थाला दुसऱ्या सुगंधाची गरजच उरत नाही. दोन तास थंड करून लहान वाट्यांतून वाढावे.