मार्च मॅडनेसचा पहिला वीकेंड: चार दिवसांत ४८ सामने कसे बघायचे

मार्च मॅडनेस म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ उतरतात. मंगळवारी आणि बुधवारी ओहायोतल्या डेटनमध्ये ‘फर्स्ट फोर’चे चार सामने होतात आणि ६४ संघ उरतात. मग गुरुवारी १६ सामने, शुक्रवारी १६, शनिवारी आठ, रविवारी आठ. गुरुवार-शुक्रवारी बराच वेळ तीन-चार सामने एकदमच चालू असतात. सगळंच बघू म्हटलं तर एकही सामना धड बघून होत नाही. म्हणून कोणता सामना कधी सोडायचा हे कळणं, हीच या वीकेंडची खरी तयारी.

आधी ब्रॅकेट भरून टाका

स्पर्धेआधीच्या रविवारी, म्हणजे सिलेक्शन संडेला, संध्याकाळी जोड्या जाहीर होतात. गुरुवारी दुपारचा पहिला सामना सुरू होईपर्यंत ब्रॅकेट भरायचं, म्हणजे प्रत्येक सामना कोण जिंकेल याचा अंदाज तक्त्यात लिहायचा. फर्स्ट फोरचे निकाल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं. पहिल्या फेरीत आमनेसामने येणाऱ्या दोन मानांकनांची बेरीज नेहमी १७ होते: १ विरुद्ध १६, ५ विरुद्ध १२, ८ विरुद्ध ९.

भरायची सुरुवात उलटीकडून करा. आधी विजेता, मग फायनल फोर (उपांत्य फेरीतले चार संघ), आणि पहिली फेरी सगळ्यात शेवटी. कारण गुणांत आहे. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या पद्धतीत पहिल्या फेरीतल्या प्रत्येक अचूक अंदाजाला १० गुण असतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ते दुप्पट होत जातात. अंतिम विजेता बरोबर आला की ३२० गुण, म्हणजे पहिल्या फेरीतले सगळेच्या सगळे ३२ सामने बरोबर येण्याइतके. गुरुवारी हुशारी दाखवायच्या नादात ज्याचा विजेता पहिल्याच वीकेंडला बाद होतो, त्याचा खेळ तिथेच संपतो.

धक्कादायक निकाल किती धरायचे? १९८५ पासून २०२५ पर्यंत १६व्या मानांकनाने पहिल्याला हरवलं ते दोनदाच: २०१८ मध्ये यूएमबीसीने (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) व्हर्जिनियाला ७४-५४ असं, आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असं. १५व्याने दुसऱ्याला हरवलं ११ वेळा. १२व्याने पाचव्याला मात्र साधारण तीनातून एकदा. म्हणून १६वा कधीच धरू नका, १५वा धरलाच तर निव्वळ हौस म्हणून धरा, आणि १२ विरुद्ध ५ मध्ये एक किंवा दोन धक्के धरा. ८ विरुद्ध ९ वर डोकं शिणवू नका. तो सामना छापा-काट्यासारखाच असतो आणि जिंकणाऱ्याची पुढची गाठ बहुतेक वेळा पहिल्या मानांकनाशी पडते.

ब्रॅकेट एकच भरा. पाच-पाच भरली की प्रत्येक सामन्यात दोन्ही बाजू आपल्याच होतात आणि बघण्यातली गंमत जाते. अचूक ब्रॅकेटचं स्वप्नही सोडून द्या: स्पर्धा भरवणाऱ्या एनसीएएच्या नोंदीत सलग अचूक अंदाजांचा सर्वाधिक आकडा २०१९ चा आहे, ४९ सामने. म्हणजे त्या माणसाचा पहिला वीकेंड पूर्ण बरोबर निघाला आणि पन्नासावा सामना चुकला.

चॅनेल आणि वेळा

सामने सीबीएस, टीबीएस, टीएनटी आणि ट्रूटीव्ही या चार चॅनेलवर विभागलेले असतात. ट्रूटीव्ही एरवी कुणी फारसं लावत नाही, त्यामुळे त्याचा नंबर बुधवारीच शोधून ठेवा. सीबीएस साध्या अँटेनावर फुकट दिसतं. बाकी तिन्हींसाठी केबल किंवा पैसे भरून घेतलेलं स्ट्रीमिंग लागतं. मार्च मॅडनेस लाइव्ह ॲपचं लॉगिन गुरुवारी दुपारी शोधत बसू नका. ऑफिसातून बघणाऱ्यांसाठी याच्या वेबसाइटवर ‘बॉस बटण’ असतं. ते दाबलं की पडद्यावर कामाचं काहीतरी दिसू लागतं. साहेबांनाही ते ठाऊक असतं, हा भाग वेगळा.

स्ट्रीमिंग केबलच्या मागे चालतं, कधी अर्धा मिनिट तर कधी त्याहून जास्त. दोन पडदे लावले आणि एक केबलवर, दुसरा ॲपवर असेल, तर फोनवर येणाऱ्या स्कोअरच्या सूचना बंद करा. नाहीतर शेवटचा बास्केट पडण्याआधीच खिशात फोन थरथरतो.

अमेरिकेच्या ईस्टर्न (पूर्व किनाऱ्याच्या) वेळेनुसार पहिला सामना सव्वाबाराच्या सुमारास सुरू होतो आणि पुढचे तीन दोन वाजेपर्यंत टप्प्याटप्प्याने लागतात. एक सामना साधारण सव्वादोन तास चालतो. त्यामुळे अडीच ते सव्वाचार या वेळात चार शेवट पाठोपाठ येतात. या वेळात जागेवरून उठू नका. छापलेल्या वेळांवर फार विसंबू नका. त्याच कोर्टवरचा आधीचा सामना संपल्यावर अर्ध्या तासाने पुढचा सुरू होतो, आणि एक ओव्हरटाइम (बरोबरीनंतरचा जादा वेळ) झाला की तिथलं सगळं मागे ढकललं जातं. जेवण, आंघोळ, फोन हे सगळं संध्याकाळी साडेपाच ते पावणेसातच्या दरम्यान उरका.

कधी सोडायचं, कधी थांबायचं

वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं असतात. प्रत्येक सत्रात घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेलं की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबतो तिथे जाहिरातीचा टाइमआउट येतो. चॅनेल बदलायच्या जागा या. पहिल्या सत्रात मनसोक्त फिरा. दुसऱ्या सत्रात आठ मिनिटांच्या टाइमआउटला सगळ्या सामन्यांचे स्कोअर बघा आणि फरक सहा किंवा त्याहून कमी असेल तिथे मुक्काम ठोका.

आघाडी पक्की आहे का हे ठरवायला बेसबॉलच्या आकडेवारीसाठी प्रसिद्ध असलेल्या बिल जेम्स यांचं एक सूत्र आहे. आघाडीतून ३ वजा करा. चेंडू आघाडीवरच्या संघाकडे असेल तर अर्धा मिळवा, नसेल तर अर्धा वजा करा. आलेल्या आकड्याचा वर्ग करा. तो उरलेल्या सेकंदांपेक्षा मोठा असेल तर सामना संपला असं समजा. उदाहरणार्थ, १० गुणांची आघाडी आणि चेंडूही त्यांच्याचकडे: साडेसातचा वर्ग ५६. म्हणजे ५६ सेकंद उरले असतील तर बेलाशक दुसरीकडे जा. दोन मिनिटं उरली असतील तर थांबा.

हे सूत्रही एकदा तोंडावर पडलं. २०१६ च्या दुसऱ्या फेरीत नॉर्दर्न आयोवाकडे ४४ सेकंद उरले असताना टेक्सस ए अँड एमविरुद्ध १२ गुणांची आघाडी होती. पण त्यांना चेंडू धडपणे आत टाकताच येईना. बास्केटखालून चेंडू टाकायला पाच सेकंद मिळतात, समोर हात पसरलेले, टाकला की हिसकावला जातो, लगेच बास्केट, पुन्हा तेच. शेवटच्या मिनिटात बास्केट पडल्यावर घड्याळ थांबतं, त्यामुळे पाठलाग करणाऱ्याचा वेळ वाया जात नाही. दोन ओव्हरटाइमनंतर ए अँड एमने ९२-८८ असा सामना काढला. दोनच दिवस आधी याच नॉर्दर्न आयोवाने टेक्सस विद्यापीठाला अर्ध्या मैदानावरून मारलेल्या शेवटच्या फेकीवर हरवलं होतं.

स्कोअरच्या पट्टीवर ‘बोनस’ लिहून आलं की लक्ष द्या. एका सत्रात संघाच्या सातव्या फाउलपासून समोरच्याला ‘वन अँड वन’ मिळतो: पहिला फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी, कुणी न अडवता मारायची फेक) पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. दहा मिनिटं शिल्लक असतानाच एखादा संघ सात फाउलवर पोचला, तर शेवटी तो सामना फ्री थ्रोच्या रेषेवरच ठरण्याची शक्यता मोठी.

धक्क्याची चाहूल

छोटा संघ पुढे आहे एवढ्यावरून धावत सुटू नका. पहिल्या दहा मिनिटांत असं पुष्कळदा होतं. तो पुढे कशामुळे आहे ते बघा. फक्त अवघड थ्री-पॉइंटर (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकी) पडतायत म्हणून असेल तर बहुतेकदा उतरती कळा लागते. टर्नओव्हर (चेंडू समोरच्याला गमावणं) कमी आहेत, समोरच्याला आक्रमणात रीबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू) मिळत नाहीये आणि मुख्य खेळाडूंवर दोनपेक्षा जास्त फाउल नाहीत, तर गोष्ट खरी आहे.

बलाढ्य संघ संथ खेळत असेल तर तो जास्त धोक्यात. चेंडू जितके कमी वेळा हाती येतात, तितकी गुणवत्तेतला फरक दिसायला संधी कमी. २०१८ ची व्हर्जिनिया देशातल्या सगळ्यात संथ संघांपैकी होती, शिवाय मनगट मोडल्याने द’आंद्रे हंटर बाहेर. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. दुसऱ्या सत्रात यूएमबीसीने ५३ गुण ठोकले. जखमींची यादी ब्रॅकेट भरताना एकदा आणि गुरुवारी सकाळी पुन्हा बघावी ती यासाठी.

पर्ड्यूचं उलट होतं. त्यांच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, आणि समोर डिव्हिजन वन या सर्वोच्च गटातला सर्वात बुटका संघ. फेअरली डिकिन्सनने ईडीभोवती गर्दी केली आणि बाकीच्यांना लांबून फेकायला लावलं. त्या फेकी पडल्या नाहीत. एकाच उंच खेळाडूवर उभा असलेला संघ दिसला की त्याच्या साथीदारांची थ्री-पॉइंटरची टक्केवारी आधी बघा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

पहिल्या वीकेंडचे सामने आठ शहरांत होतात. चार ठिकाणी गुरुवार-शनिवार, चार ठिकाणी शुक्रवार-रविवार. एका ठिकाणी आठ संघ आणि एकूण तीन सेशन: पहिल्या दिवशी दुपारी दोन सामने, संध्याकाळी दोन, आणि एक दिवस सोडून उरलेले दोन. दुपारचं सेशन संपलं की प्रेक्षागृह रिकामं करतात, त्यामुळे दोन्ही सेशनची तिकिटं असली तरी बाहेर पडून पुन्हा रांगेत यावं लागतं. जवळ जेवायची जागा आधी हेरून ठेवा. बॅगेचे नियम कडक असतात. पारदर्शक नसलेली मोठी बॅग गाडीतच ठेवा.

निवड करायची तर पहिला दिवस घ्या. चार सामने, आठ बँड, आणि स्वतःचा संघ नसलेले सगळे प्रेक्षक दुबळ्याच्या बाजूने. दुसऱ्या फेरीचं तिकीट आधी काढायची घाई नको: मोठा संघ बाद झाला की त्याचे समर्थक त्याच रात्री तिकिटं विकायला काढतात, आणि अधिकृत पुनर्विक्रीवर तेव्हा भाव उतरलेले सापडू शकतात. खेळ समजून घ्यायचा असेल तर कोपऱ्यातली वरची जागा बाजूच्या खालच्या जागेपेक्षा बरी. फुलकोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर समोरच्यावर टाकलेला दबाव) कुठून लागतो आणि कुठे फुटतो ते तिथून स्पष्ट दिसतं.

महिलांच्या स्पर्धेत हेच गणित लावू नका. तिथे दहा-दहा मिनिटांची चार सत्रं असतात, सत्रातल्या पाचव्या फाउलपासून थेट दोन फ्री थ्रो मिळतात, आणि पहिल्या दोन फेऱ्या प्रत्येक विभागातल्या पहिल्या चार मानांकित संघांच्या घरच्या कोर्टवर होतात. त्यामुळे तिथलं ब्रॅकेट भरताना धक्के निम्म्याहून कमी धरा.