उभ्या उसाच्या ट्रॉलीला धडक बसली, तर आधी तिची मागची बाजू टिपा
गळीत हंगामात सांगली-साताऱ्याकडे रात्री रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी मागून आदळते आणि सगळे म्हणतात, मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच. हे मानून गप्प बसू नका. मागे रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता, ट्रॉली डांबरावरच उभी होती, हे दाखवता आलं तर निष्काळजीपणा ट्रॉलीवाल्याचाही ठरू शकतो.

पण हा पुरावा सकाळपर्यंत टिकेलच असं नाही. ट्रॉली कारखान्याकडे निघून जाते. म्हणून जखमीला दवाखान्यात पाठवलं की सोबतच्या कुणीतरी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे आणि ट्रॅक्टरच्या नंबरचे फोटो काढावेत. घटनास्थळ पंचनाम्यात रिफ्लेक्टर नसल्याची नोंद आहे का, ते स्वतः वाचावं. दवाखान्यातही अपघात नेमका सांगा. कागदावर नुसतं ‘गाडीवरून पडला’ आलं, तर विमा कंपनी तेच पुढे करते.

अपघाताची भरपाई जिथे मागतात त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही आणि अर्ज आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. प्लॅस्टर निघायची वाट न पाहता वकील गाठा.