वजनाच्या इंजेक्शनची माहिती घेताना या चुका टाळा

कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत मी औषधांचे दुकान चालवते. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी ही वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आल्यापासून या औषधांविषयी रोज कोणी ना कोणी विचारत येते, आणि बहुतेकांच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला संदेश उघडलेलाच असतो. तो संदेश दर वेळी खोटा असतो असे म्हणता येणार नाही. पण तो बहुधा दुसऱ्या औषधाचा, दुसऱ्या डोसाचा किंवा दुसऱ्याच प्रकृतीच्या माणसाचा असतो, आणि घोटाळा तिथे होतो.

सर्वांत धोकादायक चूक मला एका सिरिंजवरून लक्षात आली. एका वहिनींनी कुपीतून औषध काढण्यासाठी इन्सुलिनची सिरिंज मागितली. किती काढायचे, असे विचारल्यावर त्यांनी बहिणीचा संदेश दाखवला: ‘२० युनिट’. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात, लाल टोपणाची ४० युनिटची आणि केशरी टोपणाची १०० युनिटची. केशरी सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर, तर लाल सिरिंजवर तीच २० ची रेघ म्हणजे ०.५ मिलिलिटर, म्हणजे औषध सरळ अडीचपट. शिवाय ही औषधे युनिटमध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये मोजली जातात आणि एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे, हे प्रत्येक उत्पादनाचे वेगळे असते. मी सिरिंज दिली नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि चिठ्ठीवर मिलिग्रॅम व मिलिलिटर हे दोन्ही आकडे लिहून आणायला सांगितले. वहिनी थोड्या नाराज झाल्या, पण ही गोष्ट मी कोणाच्याही बाबतीत सोडणार नाही.

दुसरी चूक नावाची. मौंजारोमध्ये टिर्झेपटाइड असते आणि वेगोवीमध्ये सेमाग्लुटाइड. ओझेंपिकमध्येही सेमाग्लुटाइडच असले तरी ते टाइप २ मधुमेहासाठी आहे. त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. आठवड्याचे इंजेक्शन विसरले तर मौंजारो चार दिवसांच्या आत घेता येते आणि वेगोवी पाच दिवसांच्या आत. त्यापुढे उशीर झाला असेल तर तो डोस सोडून ठरलेल्या वारी पुढचा घ्यावा, दोन डोस एकदम कधीही घेऊ नयेत. सलग दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर पूर्वीच्याच मोठ्या डोसावर परस्पर जाऊ नका. खालच्या पायरीवरून पुन्हा चढायचे का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सेमाग्लुटाइडची गोळी म्हणजे रायबेल्सस, तिचा नियम तर आणखी वेगळा. ती रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून कमी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नाही. उठल्याउठल्या चहा लागणाऱ्या घरांत हा अर्धा तास पाळला जात नाही, आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून लोक माझ्याकडे येतात.

आता पित्ताविषयी, कारण हा शब्दच आपल्याला फसवतो. मळमळ, आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोकेदुखी, सगळ्याला आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. या औषधांनी पोट हळूहळू रिकामे होते, त्यामुळे सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर मळमळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होणे अपेक्षितच असते. थोडे थोडे जेवावे, तळलेले टाळावे, पोट भरल्यासारखे वाटताच ताटावरून उठावे आणि जेवून लगेच आडवे होऊ नये. बहुतेकांचा त्रास एवढ्याने कमी होतो. परंतु पोटाच्या वरच्या भागात तीव्र, न थांबणारी, पाठीकडे जाणारी वेदना हे स्वादुपिंडाला सूज आल्याचे लक्षण असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप आणि डोळे पिवळे होणे हे पित्ताशयातील खड्यांचे असू शकते. अशा वेळी आम्लपित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी झाली असेल तर तेही तातडीचेच समजावे, कारण शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडावर ताण येतो.

मधुमेहींनी आपल्या इतर गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे अत्यावश्यक आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि त्यातच नव्या औषधाने भूक मंदावली, वर संकष्टी किंवा एकादशीचा उपवास आला, तर साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच साखरपाणी द्यावे. जुन्या गोळीचा डोस कमी करायचा का, हा प्रश्न मात्र पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारायचा असतो.

काही गोष्टी संदेशांत क्वचितच येतात. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहू नये. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाच्या प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधे घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनविषयी आपणहून सांगावे.

‘महिना झाला, काटा हलत नाही’ ही तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात. पहिल्या महिन्याचा डोस शरीराला सवय व्हावी म्हणून असतो, त्याने वजन झरझर उतरेल असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासात सरासरी १४.९ टक्के वजन कमी झाले, पण त्याला ६८ आठवडे लागले. औषध थांबवलेल्यांचे वर्षभरात कमी झालेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परतही आले. म्हणून औषध कधी आणि कसे थांबवायचे, हे सुरू करतानाच बोलून घ्यावे. वजनाबरोबर स्नायूही घटतात, तेव्हा कमी जेवणातही वरण, उसळ, अंडी, पनीर आधी आणि भात-पोळी नंतर.

पेन, म्हणजे पेनासारखे दिसणारे औषध भरलेले इंजेक्शन, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नव्हे. एकदा गोठलेले औषध पुन्हा वितळले तरी वापरू नये. मे महिन्याच्या दुपारी दुकानातून निघालेले पेन स्कूटरच्या डिकीत टाकून कोणी सिंहगड रस्त्यापर्यंत कामे उरकत जाते, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. थंड पिशवी घेऊनच या.

चिठ्ठीशिवाय किंवा समाजमाध्यमावरून स्वस्तात मिळणारे पेन घेऊ नका. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेंपिकविषयी इशारा दिला होता. पक्के बिल घ्या, खोक्यावरचा बॅच क्रमांक बिलाशी जुळवून पाहा आणि आतले माहितीपत्रक शेवटचे पेन संपेपर्यंत जपून ठेवा. औषधाचा दुष्परिणाम जाणवला तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही तो कळवता येतो. फोन लावताना खोके हाताशी असू द्या, म्हणजे औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक पाहून सांगता येईल.