रेनोच्या जागी सुझुकी : सॅन स्टॉर्मचे इंजिन बदलताना

सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांची अडचण साधारण एकसारखी असते. पोलादी सांगाड्यावर बसवलेली फायबरग्लासची बॉडी गंजत नाही, त्यामुळे गाडी दिसायला धडधाकट राहते. परंतु बोनेटखालचे ११४९ सीसीचे रेनो इंजिन उघडायची वेळ आली की गॅस्केटपासून सेन्सरपर्यंत प्रत्येक वस्तूसाठी परदेशात चौकशी करावी लागते. आमची गाडी याच कारणाने मिरजेच्या शेडमध्ये दीड वर्ष ताडपत्रीखाली उभी होती. शेवटी तिच्यात मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे सुझुकी इंजिन बसवले. ते काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे फसायला होते, ते येथे लिहीत आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले असून, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सांगलीची एमएच १० असो, साताऱ्याची एमएच ११ असो की कराडची एमएच ५०, नोंदणी कार्यालयाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये. आमची गाडी बंदिस्त आवारात आणि स्पर्धेच्या ट्रॅकवरच चालते व तेथपर्यंत ट्रेलरवरून जाते. पुढचे सर्व विवेचन तशाच गाडीसाठी आहे. जुने इंजिन घेताना मात्र बिल, ज्या गाडीतून ते काढले तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ती नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागून घ्यावा. इंजिन क्रमांक घासलेला दिसला तर भाव कितीही कमी असला तरी तेथून निघावे.

एका कंपनीच्या गाडीत दुसरीचे इंजिन घालण्यात नवल काही नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाला मागणी मिळाली ती इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर, आणि प्रीमियर ११८ एनईच्या फियाट घराण्यातल्या बॉडीत निस्सानचे इंजिन होते. कारखान्यात मात्र हे काम आराखड्यावर होते आणि आपल्याकडे ते चेन ब्लॉकला लोंबकळणाऱ्या इंजिनाकडे पाहत होते. मोजमापात चूक होते ती याच फरकामुळे.

इंजिन निवडताना अश्वशक्तीच्या आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : इंजिन कोणत्या दिशेने फिरते आणि त्याचा गिअरबॉक्स कोणत्या बाजूला आहे. जुन्या होंडा सिटीचे व्हीटेक इंजिन पाहून मन विरघळते, पण त्या मालिकेतील इंजिने बहुतेक गाड्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि त्यांचा गिअरबॉक्सही विरुद्ध बाजूला येतो. ते इंजिन दुसऱ्याच गिअरबॉक्सला जोडले तर पाच गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला, अशी गाडी तयार होईल. एस्टीमच्या इंजिनाची फिरण्याची दिशा आणि गिअरबॉक्सची बाजू दोन्ही रेनोप्रमाणेच आहेत. इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असल्याने वजन आटोक्यात राहते, मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या अवतारात ते सुमारे ८५ अश्वशक्ती देते, म्हणजे मूळच्या साठाच्या आसपासच्या आकड्यापेक्षा भरपूर जास्त, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात.

इंजिनाबरोबर सुझुकीचाच गिअरबॉक्स घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रेनोचा गिअरबॉक्स ठेवून मध्ये जोडपट्टी बसवण्याचा मार्ग कागदावर स्वस्त दिसतो. पण क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत येण्यासाठी डायल गेजवर साधारण ०.१३ मिलिमीटरपर्यंतचीच तफावत चालते. त्याहून जास्त झाली की क्लच प्लेटचा हब आणि पुढचे बेअरिंग काही महिन्यांत बोलू लागते. कुपवाड एमआयडीसीत इतक्या अचूकतेचे काम करणारी यंत्रे आहेत, पण त्यांना द्यायचे मोजमाप आपण काढलेले असते.

खरेदीपूर्वी कॉम्प्रेशन तपासावे. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असताना गेजवर दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास दाब यावा, १२ च्या खाली जाऊ नये आणि दोन सिलिंडरमधील फरक एका किलोपेक्षा जास्त नसावा. इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची दोन्ही सील, थर्मोस्टॅट आणि क्लचचा संपूर्ण संच नवीन घालावा. संपूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि गाडीला इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असल्यास त्याची किल्ली व त्याचे युनिट एकाच गाडीतून घ्यावे. मला पहिल्यांदा मिळालेल्या वायरिंगचे प्लग पक्कडीने कापलेले होते आणि रंग जुळवत बसण्यात सगळा श्रावण गेला.

आता मुख्य भाग. या कामात नवख्याची समजूत अशी असते की इंजिन जेथे मावेल तेथे बसवावे आणि बाकीचे त्याला जुळवून घ्यावे. पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत हे साफ उलटे आहे. बसवायचा असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचा, मध्य. इंजिन त्याच्यामागून येते आणि जेथे अडेल तेथे रेडिएटर, बॅटरी किंवा ब्रॅकेट हलवावे लागते. म्हणून जुने इंजिन काढण्यापूर्वी गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी करून, टायरमधील हवा नेमकी ठेवून, रेनोच्या गिअरबॉक्समधून दोन्ही शाफ्ट जेथे बाहेर पडतात त्या मध्यबिंदूंपासून ओळंबे सोडावेत. खाली फरशीवर खुणा कराव्यात, त्यांची जमिनीपासूनची उंची लिहावी आणि चेसिसवरील दोन पक्क्या छिद्रांपासूनची अंतरेही मोजावीत. आम्ही ही मापे शेडच्या भिंतीवर खडूने लिहिली आणि गणपतीच्या सफाईत कोणीतरी ती पुसली, तेव्हा वहीत लिहिणे बरे.

चाचणीच्या जोडणीसाठी चांगले इंजिन वापरू नये. भंगारातून फुटका ब्लॉक, रिकामे हेड आणि रिकामे गिअरबॉक्सचे कवच मिळवून ते एकत्र बोल्ट करावे. दोन माणसे हे धूड उचलू शकतात आणि त्याला वीस वेळा आत-बाहेर करताना जीव घाबरा होत नाही. सुझुकीच्या डिफरन्शियलचा मध्य भिंतीवरच्या, म्हणजे वहीतल्या, मापांवर आणावा. तेथे ते धूड लाकडी ठोकळ्यांवर स्थिर करून मग चहूबाजूंनी काय अडते ते पाहावे. संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) तळ जमिनीपासून १५० मिलिमीटरच्या खाली उतरू नये. वरच्या बाजूसाठी गणपतीच्या मूर्तीची शाडू माती कामाची आहे : इनटेकच्या सर्वांत उंच जागी आणि ऑइलच्या झाकणावर मुठीएवढे ओले गोळे ठेवून बोनेट हळूच बंद करावे, उघडून चपटे झालेले गोळे पात्याने मधोमध कापावेत आणि जाडी व्हर्नियरने मोजावी. इंजिन रबरावर हलते, त्यामुळे २५ मिलिमीटर जाडी शिल्लक राहिली तरच समाधान मानावे. आमच्या पहिल्या गोळ्याची जाडी नऊ भरली होती.

याच वेळी नंतरच्या दुरुस्तीचा विचार करावा. १९६४ साली आलेल्या सनबीम टायगर या ब्रिटिश गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन इतके दाटीने बसवले होते की एक स्पार्क प्लग काढण्यासाठी बसण्याच्या जागेकडून भोक ठेवून त्याला रबरी बूच लावावे लागले. पुढे ती कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरच्या स्वतःच्या व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असल्याने ते तेथे बसेना, आणि त्या गाडीचे उत्पादनच बंद झाले. रिकाम्या ब्लॉकवर ऑइल फिल्टर, स्टार्टर आणि अल्टरनेटर खोटे का होईना पण लावून, पान्याला फिरायला जागा आहे का, हे पाहून घ्यावे.

माउंटिंगचे ब्रॅकेट ५ ते ६ मिलिमीटरच्या पत्र्याचे करून आधी फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारावेत. पूर्ण वेल्डिंग सर्व जोडणी एकदा जमल्यावरच करावे, आणि तेव्हा ईसीयू व बॅटरी गाडीबाहेर असावी. फायबरग्लासच्या बॉडीजवळ वेल्डिंग करताना ओले गोणपाट आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवणे अनिवार्य आहे, कारण फायबरग्लासमधली राळ पेटते आणि धूर घशात बसतो.

ड्राइव्ह शाफ्टसाठी आतल्या टोकाला सुझुकीचा जोड आणि बाहेरच्या टोकाला गाडीचा मूळ जोड हवा, म्हणजे मधला दांडा नवीनच लागतो. मी प्रथम सोपा मार्ग धरला : दोन्हीकडचे दांडे मधोमध कापले, बाहेरून पोलादी नळी चढवली आणि वेल्डिंग केले. दिसायला काम सुबक झाले. तिसऱ्या दिवशी आवारात पहिल्या गिअरमध्ये क्लच जरा वेगाने सोडला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन गाडी जागीच थांबली. तुटलेल्या दांड्याचे तोंड पाहिले तर कडेची चंद्रकोर काळपट होती आणि उरलेला भाग साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. म्हणजे वेल्डिंगच्या कडेला तडा आधीच गेलेला होता आणि उरलेल्या धातूने त्या दिवशी हात टेकले. कडक केलेल्या पोलादाला वेल्डिंगची उष्णता लागली की शिवणीलगतचा पट्टा ठिसूळ होतो, हे लेथवाल्याने आधीच सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते. दुसऱ्या खेपेला ईएन २४ पोलादाचे अखंड दांडे घेऊन, दोन्ही टोकांना आपापल्या जोडाच्या दात्यांप्रमाणे दाते पाडून, उष्णतोपचार करून घेतले. ते अजून चालू आहेत.

दांड्याची लांबी ठरवण्यासाठी त्या चाकाचा कॉइल स्प्रिंग काढावा, जॅकने चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत दर १० मिलिमीटरला थांबवत न्यावे आणि प्रत्येक ठिकाणी गिअरबॉक्सच्या बैठकीपासून हबपर्यंतचे अंतर लिहावे. सर्वांत कमी अंतर येते तेथे आतल्या जोडाला आणखी ४ मिलिमीटर आत सरकता आले पाहिजे, नाहीतर खड्ड्यात शाफ्ट डिफरन्शियलवर आदळतो. सर्वांत जास्त अंतरावर तोच जोड कपातून निसटता कामा नये. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनही हे पाहावे. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना शाफ्टचा कोन सात-आठ अंशांच्या आत राहिला तर जोड टिकतात.

वायरिंगच्या बाबतीत फायबरग्लासची गाडी साध्या गाडीपेक्षा वेगळी वागते. पत्र्याच्या बॉडीत कोठेही स्क्रू मारला की अर्थिंग मिळते. येथे बॉडी वीज वाहतच नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकला एक जाड केबल, ब्लॉकपासून चेसिसला दुसरी, आणि ईसीयूच्या अर्थच्या तारा थेट ब्लॉकवरच्या एकाच बोल्टवर, अशी मांडणी करावी. बोल्टखालचा रंग खरवडून चकाकी येईपर्यंत घासावा. इंजिन कधी सुरू होते, कधी नाही, हेडलाइट लावले की तापमानाचा काटा उडी मारतो, अशी लक्षणे दिसली तर सेन्सर बदलत बसण्यापूर्वी मल्टिमीटर घ्यावा आणि स्टार्टर फिरत असताना ब्लॉक व बॅटरीच्या ऋण टोकामधील व्होल्टेज पाहावे. ते अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर दोष अर्थिंगमध्येच आहे.

पेट्रोल पंप २.५ ते ३ बार दाब देणारा हवा आणि त्याचा रिले ईसीयूच्याच ताब्यात ठेवावा, म्हणजे इंजिन बंद पडताच पंपही थांबतो. थेट किल्लीवर पंप जोडण्याची सवय जिवावर बेतू शकते. इंजेक्शनच्या दाबाचीच नळी आणि क्लिप वापराव्यात.

रेडिएटरची भरण्याची जागा संपूर्ण पाणीमार्गात सर्वांत उंच नसेल तर हवा अडकते, आणि या गाडीचे नाक खाली असल्याने ते हमखास घडते. आम्ही वरच्या नळीत हवा सोडण्याचा छोटा नळ बसवला. एक्झॉस्टच्या बाजूच्या बॉडीला अॅल्युमिनियमचा उष्णतारोधक पत्रा, मध्ये हवेचे अंतर ठेवून, लावावा. घाटात चाचणी घेणे शक्य नसल्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता गाडी उन्हात उभी करून चाळीस मिनिटे आयडलवर ठेवली. त्या वेळात फॅन नियमितपणे सुरू होऊन बंद होत राहिला, तर मार्ग बरोबर आहे.

वजन मात्र मोजावेच. ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. इंजिन काढण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर, आधी फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन पावत्या जपून ठेवाव्यात. मोठ्या काट्याची नोंद पाच-दहा किलोंच्या टप्प्याने होते, पण पुढचा भार ३० किलोंनी वाढला आहे की नाही हे कळायला तेवढे पुरते, आणि स्प्रिंगचा निर्णय त्यावर घेता येतो. ब्रेकचे पॅड, होज आणि द्रव नवीन घातल्याशिवाय पहिली फेरी मारू नये.

पहिल्या पन्नास किलोमीटरच्या फेऱ्या आम्ही तासगाव रस्त्यावरच्या एका मित्राच्या बेदाणा शीतगृहाच्या आवारात मारल्या. त्यानंतर सर्व माउंटिंगचे बोल्ट, शाफ्टचे नट आणि होजच्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात, आणि बुटांमधून (शाफ्टच्या जोडांवरच्या रबरी आवरणांमधून) ग्रीस बाहेर पडले आहे का ते पाहावे. बोनेटच्या आतल्या बाजूला एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवावा : फॅन बेल्ट, प्लग, ऑइल फिल्टर, क्लच प्लेट आणि आतला बूट एस्टीमचा; बाहेरचा बूट, बेअरिंग आणि ब्रेक मूळ गाडीचे; दांड्यांची लांबी आणि दात्यांची संख्या अमुक. आमच्या कागदावर खाली फ्यूजचा क्रम आणि तुटलेल्या दांड्याची तारीखही लिहिली आहे.