स्पेलिंगच्या स्पर्धेवरचा माहितीपट मुलांसोबत कसा पाहावा

इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरलेल्या मुलांवरचा माहितीपट घरातल्या मुलांना दाखवायचा असेल, तर "बघ, ती पोरं किती अभ्यास करतात" असे म्हणून तो कधीही लावू नये. मी पहिल्यांदा नेमके हेच केले. पाचवीच्या स्कॉलरशिपच्या शिकवणीतून सहा वाजता परतलेल्या माझ्या भाच्याने ते वाक्य ऐकले आणि पुढचा दीड तास तो पडद्याकडे कमी आणि पंख्याकडे जास्त पाहत राहिला. कोल्हापुरात ज्या घरांत स्कॉलरशिपच्या वयाचे मूल आहे, तिथे स्कॉलरशिप आणि नवोदय हे शब्द जेवणाच्या ताटावरही निघतात, त्यामुळे हा चित्रपट त्या यादीतला आणखी एक विषय वाटला, की तो तिथेच संपतो.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. जेफ्री ब्लिट्झ यांचा 2002 सालचा 'स्पेलबाउंड' आधी पाहावा. 1999 साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत 249 मुले होती, त्यांपैकी आठ जणांच्या घरी हा चित्रपट आपल्याला नेतो आणि मग अंतिम फेरीत आणून बसवतो. त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. 2020 साली आलेला 'स्पेलिंग द ड्रीम' हा भारतीय वंशाच्या मुलांच्या यशावर आहे आणि तोही चांगला आहे. पण तो आधी दाखवला, तर आपल्याकडची मोठी माणसे "आपली पोरं" म्हणून छाती फुगवून बसतात आणि पाहण्यासारखे बरेच काही निसटून जाते.

चित्रपट लावण्यापूर्वी स्पर्धेचे नियम पाच मिनिटांत सांगून टाकावेत, कारण आपल्या मुलांना ही स्पर्धा मुळात विचित्र वाटते. जसे बोलतो तसे बहुतांशी लिहितो, अशा लिपीत वाढलेल्या मुलाला केवळ अक्षरे क्रमाने सांगण्याची स्पर्धा कशासाठी, हे कळत नाही. मूल मंचावर एकटे उभे राहते, समोरचा माणूस एक शब्द उच्चारतो आणि मुलाने त्याची अक्षरे तोंडी सांगायची असतात. एकदा उच्चारलेले अक्षर बदलता येत नाही. चूक झाली की घंटा वाजते, आणि ती मुद्दाम लहानशी, हॉटेलच्या काउंटरवर असते तशी टिंग वाजणारी घंटा आहे. मात्र अक्षरे सांगण्याआधी मुलाला काही प्रश्न विचारण्याची मुभा असते: शब्दाचा अर्थ काय, तो कोणत्या भाषेतून आला, तो नाम आहे की क्रियापद, वाक्यात कसा येतो, आणि त्याचा दुसरा काही उच्चार आहे का.

आता मांडणीतल्या दोन बारीक, पण चित्रपट बिघडवणाऱ्या गोष्टी. सबटायटल सुरू ठेवल्याशिवाय अमेरिकन उच्चार मुलांना कळत नाहीत, आणि सुरू ठेवली तर मंचावर विचारलेला शब्द खाली अक्षरांसकट छापून येतो, म्हणजे प्रश्नाबरोबर उत्तरही हातात पडते. यावर मी केलेला उपाय अगदी साधा आहे: जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची चार बोटे रुंद पट्टी कापून ठेवावी आणि स्पर्धेचा प्रसंग सुरू झाला की एका मुलाने ती टीव्हीच्या खालच्या कडेला धरावी. हे काम मिळावे म्हणून आमच्याकडे भांडणे होतात. दुसरी गोष्ट भडंगाची. आठ मुले एकाच वेळी भडंग खाऊ लागली की पडद्यावरच्या मुलाने एक आर म्हटला की दोन, हे ऐकूच येत नाही. म्हणून खाणे मध्यंतरात द्यावे, आणि मध्यंतर पडद्यावरची मुले वॉशिंग्टनला पोहोचण्याच्या आधी घ्यावे.

पाहताना लक्ष कुठे ठेवावे, हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण उत्तराची वाट पाहतो, कारण घंटा वाजणार की नाही, यातच सगळी धाकधूक असते. मुलांना सांगावे, की उत्तराकडे कमी आणि प्रश्नांकडे जास्त लक्ष द्या. "हा शब्द कोणत्या भाषेतून आला?" हा प्रश्न मूल वेळ काढण्यासाठी विचारत नाही. फ्रेंचमधून आलेल्या शब्दात 'श' हा ध्वनी बहुधा सीएच या अक्षरांनी लिहिला जातो, जर्मनमधून आलेल्यात एससीएच असण्याचा संभव असतो, आणि ग्रीक शब्दातला सीएच मात्र 'क' असा ऐकू येतो. 'फ'साठी पीएच दिसला तर तोही बहुधा ग्रीकच. म्हणजे भाषेचे नाव कळताच मुलाच्या डोक्यातले निम्मे पर्याय गळून पडतात. त्याहून अवघड जागा आघात नसलेल्या स्वराची असते. इंग्रजीत असा स्वर अस्पष्ट 'अ' सारखा उच्चारला जातो आणि तो लिहायला ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कोणतेही अक्षर असू शकते. तिथे कान काहीच मदत करत नाही आणि शब्दाचा धातू ओळखावाच लागतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण चित्रपटाच्या शेवटीच आहे. फ्लोरिडातल्या टँपा शहरातली नुपूर लाला ज्या शब्दावर जिंकली, तो शब्द 'लोगोरिया', म्हणजे न थांबणारी बडबड. इथे चित्रपट थांबवून मुलांना विचारावे, की याच शेपटीचा दुसरा कोणता शब्द तुम्हांला माहीत आहे. आमच्याकडे एका मुलीने थोडे लाजत 'डायरिया' म्हटले आणि सगळे हसले. पण उत्तर बरोबर होते. दोन्ही शब्दांच्या शेवटी वाहणे या अर्थाचा ग्रीक अंश आहे, म्हणूनच दोन्हींत दोन आर आणि त्यापाठोपाठ एच येतो. बोलण्याचा जुलाब, असा अर्थ एकदा डोक्यात बसला, की ते स्पेलिंग जन्मात विसरता येत नाही.

चित्रपट एकूण तीन वेळा थांबवावा, त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा टेक्सासमधल्या मुलीच्या घरी: तिचे वडील मेक्सिकोतून येऊन गुरांच्या फार्मवर काम करतात आणि त्यांना इंग्रजी येत नाही, तरी मुलगी त्या भाषेतली स्पर्धा जिंकत जिंकत राजधानीपर्यंत जाते. इथे काही बोलू नये. नुसते थांबावे, मुले आपोआप विचारतात. दुसऱ्यांदा भारतीय वंशाच्या एका मुलाच्या वेळी. त्याच्यासाठी वडिलांनी वेगवेगळ्या भाषांचे शिक्षक लावलेले आहेत, भारतातल्या आजोबांनी हजार माणसांना प्रार्थनेला बसवले आहे, आणि तो मुलगा अडखळतो कुठे, तर 'दार्जिलिंग' या शब्दावर! आमची पोरे इथे ओरडूनच उठतात. त्यांना शांतपणे सांगावे, की आपल्या कानावर रोज पडणारा शब्द परक्या उच्चारात आला की तो ओळखू येत नाही, आणि मग एकाने उठून 'कोल्हापूर' हा शब्द अमेरिकन बातमीदाराच्या थाटात म्हणून दाखवावा. तिसरा थांबा 'लोगोरिया'चा, तो वर आलाच आहे.

चुकलेल्या मुलांचे चेहरे मात्र पळवू नयेत. घंटा वाजल्यावर मूल मंचावरून उतरते, त्याच्यासाठी वेगळी खोली ठेवलेली असते, आणि तिथे कोणी रडते तर कोणी चक्क सुटल्यासारखे हसते. हे पाहताना शेजारी बसलेले पालक अस्वस्थ होतात, मुले होत नाहीत. पालकांना मी एवढेच सुचवतो, की चित्रपट चालू असताना आपल्या मुलाचे नाव घेऊन कोणतीही तुलना करू नये, आणि ते जमणार नसेल तर स्वयंपाकघरात बसावे.

दुसरा चित्रपट, म्हणजे 'स्पेलिंग द ड्रीम', पुढच्या रविवारी लावावा. तो पाहताना थोडा इतिहास हाताशी असलेला बरा. ही स्पर्धा 1925 साली सुरू झाली आणि तिथे जिंकणारा भारतीय वंशाचा पहिला मुलगा म्हणजे 1985 सालचा बालू नटराजन. 1999 साली नुपूर जिंकली, आणि 2008 ते 2019 या काळात असे एकही वर्ष गेले नाही, की विजेत्यांत भारतीय वंशाचे मूल नव्हते. 2019 साली तर आठ जण संयुक्त विजेते ठरले आणि त्यांतले सात जण भारतीय वंशाचे होते. याचे कारण रक्तात शोधू नये. तिकडच्या भारतीयांनी 1989 साली नॉर्थ साउथ फाउंडेशन ही संस्था काढली आणि तिच्या स्पर्धांतून मुलांना लहानपणापासून मंचाची सवय होत गेली. आपल्याकडे तालमीत जे घडते, ते तिथे शब्दकोशावर घडले, असे सांगितले की कोल्हापूरच्या मुलाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

तालमीवरून आठवले. चित्रपटानंतर मराठीचा खेळ घ्यावाच, कारण "आपल्याकडे स्पेलिंगच नसते" या समजाला तिथे धक्का बसतो. एकाने मंचावर उभे राहायचे, दुसऱ्याने शब्द सांगायचा, आणि ऱ्हस्व की दीर्घ हे तोंडी सांगायचे. पहिला शब्द 'गूळ' द्यावा, दुसरा 'गुण'. बहुतेक मुले दोन्ही सारखेच सांगतात. मग पडद्यावरच्या मुलांसारखा प्रश्न विचारायला लावावे: शब्द कुठून आला? 'गुण' हा संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून त्याचा उकार संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व राहिला. 'गूळ' मराठीत येता येता बदलला आणि त्याला शेवटून दुसरे अक्षर दीर्घ लिहिण्याचा मराठीचा नियम लागला. 'गुळाचा' म्हणताना मात्र तोच उकार पुन्हा ऱ्हस्व होतो. तिसरा शब्द 'तालीम', आणि लगेच 'तालमीत' लिहायला सांगावे. मधली दीर्घ वेलांटी कुठे गेली, हे मुलांनीच शोधावे, आणि सापडले नाही तर 'पाटील' आणि 'पाटलाला' ही जोडी पुढे ठेवावी. शासनाने 1962 साली मान्य केलेले 14 नियम आणि 1972 साली त्यांत पडलेली 4 नियमांची भर, ही सगळी यादी मुलांपुढे वाचू नये. एका संध्याकाळी दोन नियम पुष्कळ झाले. घंटेऐवजी आम्ही स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतो.

नुपूर जिंकल्यावर तिच्या गावातल्या एका हॉटेलाने बाहेर अभिनंदनाचा फलक लावला आणि त्यात 'अभिनंदन' या इंग्रजी शब्दाचेच स्पेलिंग चुकवले. हा प्रसंग मुलांना सर्वांत जास्त आवडतो, त्याचा उपयोग करून घ्यावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने खिशात छोटी वही ठेवून मिरजकर तिकटी ते बिंदू चौक एवढ्या रस्त्यावरचे डिजिटल बोर्ड वाचावेत आणि खटकलेला शब्द टिपून आणावा. अट एकच: दुकानदाराला किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याला चूक सांगायला जायचे नाही, कारण बोर्डावर ज्याचा वाढदिवस असतो तो बहुधा बोर्डाखालीच उभा असतो. मागच्या खेपेला सहा जणांच्या वह्यांत मिळून 'शुभेच्या' नऊ वेळा आणि 'गुळ' चार वेळा आला. एका मुलाने मात्र माझ्याच दाराच्या पाटीवरची ऱ्हस्व वेलांटी टिपून आणली, आणि ती पाटी आता रंगाऱ्याकडे गेली आहे.