लवकर निवृत्त व्हायचे आहे? अर्ज देण्याआधी या चुका टाळा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळा-कार्यालयांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. ज्यांच्या जन्माची नोंद घरी कोणी ठेवली नव्हती, अशा मुलांचे नाव शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही तारीख लिहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे एका पिढीचे कितीतरी शिक्षक, तलाठी आणि लिपिक ५८ वर्षे पूर्ण होताच एकाच दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी परततात. त्यांच्या निवृत्तीची तारीख एका अर्थी पहिलीच्या गुरुजींनीच ठरवून ठेवलेली असते. हा लेख मात्र ज्यांना स्वतःची तारीख स्वतः ठरवायची आहे, म्हणजे ५०-५५ च्या सुमारास नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्यांसाठी आहे.

मी लेखा शाखेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांची कागदपत्रे पाहून देतो. बहुतेकांच्या बाबतीत एकच गोष्ट दिसते: साहेबांशी झालेला वाद, लांबची बदली किंवा नुसता आलेला कंटाळा यांतून तारीख आधी मनात पक्की होते आणि हिशोब त्या तारखेला जुळेल असा नंतर मांडला जातो. लवकर बाहेर पडणे चूक आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. कुपवाडच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीसमोर २५ वर्षे उभे राहून गुडघे आणि पाठ गेलेल्या माणसाला ‘अजून सहा वर्षे काढा’ असे सांगणे मला जमत नाही. पण त्याच माणसाचे पुढचे हाल टळावेत म्हणून हिशोब आधी झाला पाहिजे.

‘राजीनामा’ हा शब्द लिहिणे

सर्वांत महागडी चूक एका शब्दाची आहे. राज्य शासनाच्या सेवेतील जुन्या पेन्शनच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार २० वर्षांची अर्हताकारी सेवा (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा) झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि तिच्यावर निवृत्तिवेतन मिळते. याच नियमांनुसार राजीनामा दिल्यास मात्र मागची सेवा जप्त होते, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी ती जमेस धरली जात नाही. रागाच्या भरात ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ असे एका ओळीत लिहून देणारा माणूस आपली वीस-पंचवीस वर्षे त्या ओळीत घालवून बसतो, आणि ‘मला स्वेच्छानिवृत्तीच म्हणायचे होते’ हे नंतर सिद्ध करायला त्याला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात.

म्हणून अर्जात नियमाचा उल्लेख करून ‘स्वेच्छानिवृत्ती’ हाच शब्द वापरावा, नोटिशीचा काळ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे हे स्पष्ट लिहावे आणि अर्ज आवक-जावक नोंदवहीतून देऊन पोहोच घ्यावी. त्याआधी अर्हताकारी सेवा किती भरते याची पडताळणी कार्यालयाकडून लेखी करून घेणे आवश्यक आहे. विनावेतन रजा, सेवेतील खंड किंवा सुरुवातीची तात्पुरती नेमणूक यांमुळे आपल्या मनातली २० वर्षे कागदावर १९ वर्षे ८ महिने निघू शकतात. ज्याची वार्षिक वेतनवाढ जुलैत असते आणि घाई फक्त मनाची आहे, त्याने मे-जूनऐवजी जुलैनंतरची तारीख निवडावी. शेवटच्या वेतनातील तो लहानसा फरक निवृत्तिवेतनात आयुष्यभर राहतो.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत रुजू झालेल्यांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांनी शेजारच्या टेबलावरील जुन्या सहकाऱ्याचे पाहून निर्णय घेऊ नये. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या जमेचा मोठा भाग वार्षिकीत, म्हणजे ठरावीक हप्त्याने पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत अडकतो. केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी पेन्शन सुरू होते ते नियत वयोमानाच्या, म्हणजे निवृत्तीच्या ठरलेल्या वयाच्या तारखेपासून. म्हणजे नोकरी आज सुटते आणि पेन्शन कित्येक वर्षांनी चालू होते.

मधली वर्षे विसरणे

साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत कंपनी स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर करते, तेव्हा चहाच्या टपरीवर चर्चा एकाच आकड्याची असते: ‘किती मिळणार?’ खरा प्रश्न ती रक्कम किती वर्षे पुरणार हा आहे. एक उदाहरण मांडून पाहू. वय ५२, हाती सर्व मिळून ३० लाख रुपये, घरखर्च महिन्याला ३५,००० रुपये. गुंतवणुकीवर वर्षाला ७ टक्के मिळतात आणि खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर पहिल्या वर्षी काही जाणवत नाही, कारण ४ लाख २० हजार खर्चून २७ लाख ९० हजार शिल्लक राहतात. सहाव्या वर्षाअखेर, म्हणजे ५८ व्या वर्षी, शिल्लक सुमारे साडेदहा लाखांवर येते आणि साठी गाठता गाठता ती संपते. यात प्राप्तिकर धरलेला नाही, मुलीचे लग्नही धरलेले नाही.

वाढत्या खर्चाचा अंदाज घेण्यासाठी ७२ ला महागाईच्या दराने भागावे. ६ टक्क्यांच्या महागाईत किमती सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात, तेव्हा ५८ व्या वर्षी ४०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला ७० व्या वर्षी ८०,००० लागतात. जुन्या पेन्शनवाल्याला महागाई भत्त्याचा आधार असतो. कंपनीतील कामगाराच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनला तो आधार नाही.

त्या पेन्शनविषयी आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. पहिला म्हणजे ती पगाराच्या निम्मी असते. प्रत्यक्षात सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनपात्र वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे, त्याआधीच्या सेवेसाठी ती ६,५०० धरली जाते, आणि ‘पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवा भागिले ७०’ या सूत्राने येणारी रक्कम बहुतेकांच्या बाबतीत काही हजारांतच राहते. दुसरा गैरसमज असा की, ५० नंतर ती केव्हाही मागावी, फरक पडत नाही. किमान १० वर्षांची सेवा असलेल्याला ५० नंतर पेन्शन मागता येते हे खरे. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितकी वर्षे दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. ज्याची पेन्शन ५८ व्या वर्षी ४,००० रुपये बसते, त्याला तेवढ्याच सेवेवर ५२ व्या वर्षी सुमारे ३,१०० मिळतील. उलट ६० पर्यंत थांबल्यास दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. नोकरी सुटली म्हणून त्याच दिवशी पेन्शनचा अर्ज करावा लागतो असे नाही, ही साधी गोष्ट अनेकांना कोणी सांगितलेलीच नसते.

मधल्या वर्षांची आणखी एक अडचण आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही निवृत्तांची आवडती योजना असून तिची मर्यादा ३० लाख आहे. तिचे खाते ६० वर्षे पूर्ण झाल्यावर उघडता येते. ५५ ते ६० या वयात नियत वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते उघडता येते. बावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्या कामगाराला साठीपर्यंत ही योजना मिळतच नाही. छप्पन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस ‘पैसे सध्या बचत खात्यात पडू देत, दिवाळीनंतर बघू’ म्हणत तीन महिने सहज ओलांडतो आणि मग त्याला साठीपर्यंत थांबावे लागते. वयाची अट नसलेली पोस्टाची मासिक प्राप्ती योजना या काळात कामी येते. तिची मर्यादा एका नावावर ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख आहे.

सगळा पैसा एका जागी ठेवणे

आपल्या भागात ही एक जागा बहुधा दोनांपैकी एक असते: गावाकडचा बंगला किंवा ओळखीची पतसंस्था. बंगल्याविषयी एवढेच सांगतो की, मुले पुण्यात असताना गावी चार खोल्या आणि वर गच्चीवर हॉल बांधणाऱ्या गृहस्थाने निदान वर्षभराचा खर्च बाजूला काढूनच पाया खोदावा. बांधकाम अंदाजात बसत नाही, आणि विटा काही महिन्याला व्याज देत नाहीत.

पतसंस्थेचा विषय अधिक गंभीर आहे. बँकांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी आणि संचालक गावातलेच आहेत म्हणून निवृत्तीची पूर्ण रक्कम तेथे ठेवणाऱ्याने हा फरक समजून घेतला पाहिजे. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला, तेव्हा पाच लाखांच्या आतला ठेवीदार आणि बाहेरचा ठेवीदार यांच्यातला फरक या भागाने जवळून पाहिला. रक्कम विभागून ठेवताना एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखा वेगळ्या धरल्या जात नाहीत, हेही ध्यानात असावे.

‘रान आहेच की’

नोकरी सोडून शेती पाहीन, हे उत्तर मला फार वेळा ऐकायला मिळते, आणि ज्याने कधी पहाटेची पाण्याची पाळी धरली नाही त्याच्याकडून जास्त. उसाचे उत्पन्न खरे असते, पण ते महिन्याला येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तुटायला १६ ते १८ महिने लागतात. त्यानंतर तोडीची पाळी, मग कारखान्याचे बिल. कायद्याने रास्त आणि किफायतशीर दर १४ दिवसांत द्यायचा असतो, पण तो किती दिवसांत मिळतो हे शेतकऱ्याला विचारावे. कृष्णाकाठच्या रानाला २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवत असतील. माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी रानाचे प्रश्न याच्या उलट आहेत. तासगावकडच्या द्राक्षबागेला तर पगाराइतकाच खर्च आधी करावा लागतो. म्हणून शेतीचे उत्पन्न हिशोबात धरताना मागच्या पाच वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष धरावे, आणि ज्याच्याकडे ते पाच वर्षांचे टिपण नाही त्याने शून्य धरावे.

दवाखाना

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि मिरजेत मोठी रुग्णालये जवळ असल्याचा आनंद बिल हातात पडेपर्यंतच टिकतो. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मिळण्याविषयी विचारावे किंवा स्वतंत्र पॉलिसी आधीच सुरू करावी, कारण जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्या सुरुवातीच्या काळात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही तो) नोकरीतच सरलेला बरा. राज्य कामगार विम्याखाली किमान पाच वर्षे असलेल्या आणि नियत वयोमानाने किंवा स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडलेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. ही सोय माहीत नसल्याने कित्येक जण ती सोडून देतात. ७० वर्षे पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळते, पण बावन्नचा माणूस सत्तरीचा व्हायला अठरा वर्षे आहेत.

कागद, आणि चूक झालीच असेल तर

माझे स्वतःचे निवृत्तिवेतन काही महिने अडले, कारण सेवापुस्तकातील एका जुन्या बदलीच्या नोंदीखाली कार्यालयप्रमुखाची सही नव्हती. लेखा शाखेत बसून मी इतरांची सेवापुस्तके तपासत होतो आणि स्वतःचे उघडून पाहिले नव्हते. निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्यावी. आधार, पॅन, बँक आणि भविष्य निर्वाह निधी या चारही ठिकाणी नाव व जन्मतारीख अक्षरशः सारखी असावी, नामनिर्देशन अद्ययावत असावे. नामनिर्देशनात लग्नाआधी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिल्याची उदाहरणे मी दोन-तीनदा तरी पाहिली आहेत.

पत्नीचा हिशोब वेगळा मांडावा. राज्याचे सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते, आणि कर्मचारी पेन्शन योजनेत विधवेला सदस्याच्या पेन्शनच्या निम्मे मिळते. तेवढ्यात तिचे घर चालेल का, हा प्रश्न तिच्यासमोर बसून सोडवायचा आहे. लवकर निवृत्तीचा निर्णय नवऱ्याने घ्यायचा आणि त्याची तूट बायकोने सोसायची, ही पद्धत मला पटत नाही.

स्वेच्छानिवृत्तीची नोटीस देऊन झाली असेल आणि आता हिशोब जुळत नाही असे दिसत असेल, तर शासकीय कर्मचाऱ्याला ती मागे घेण्याची विनंती करता येते. मात्र त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि विनंती निवृत्तीच्या इच्छित तारखेपूर्वी करावी लागते. तो अर्जही लेखीच द्यावा, त्यात कारण लिहावे आणि त्याचीही पोहोच घ्यावी. कंपनीच्या योजनेत मागे फिरण्याची मुदत त्या योजनेच्या पत्रकातच दिलेली असते, म्हणून सही करण्याआधी ते पत्रक घरी आणून एक रात्र ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे.