कोल्हापुरात बसून इनसार शिकायचंय? आधी जमीन ओळखा

जिऑलॉजी, सिव्हिल नाहीतर जिओग्राफी केलेली आपल्या भागातली पोरं हल्ली विचारतात, सॅटेलाइट रडारवरनं जमिनीची हालचाल मोजायचं काम, म्हणजे इनसार, करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? मी जिऑलॉजी करून यात आलो, रोजचं काम हेच, म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर दुसऱ्या नंबरला ठेवा, ते हळूहळू हाताला बसतं. नकाशावरचा लाल ठिपका, म्हणजे खाली जाताना दिसलेली जागा, खरंच खचतोय का, हे सांगायला जमीन कळावी लागते आणि तिथंच आपल्याकडची पोरं भारी पडू शकतात.

आधी मूळ गोष्ट. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच वाटेनं, त्याच कोनातनं जातो. दोन वेळच्या सिग्नलच्या फेजमधला, म्हणजे परत आलेली लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक काढला की मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या दिशेनं किती सरकली ते कळतं. लहर साधारण साडेपाच सेंटीमीटरची, सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून या फरकाच्या रंगीत नकाशात रंगांचं एक पूर्ण चक्र म्हणजे सुमारे २.८ सेंटीमीटर. काही वर्षांच्या सगळ्या इमेज एकत्र लावल्या की वर्षाला काही मिलिमीटरपर्यंतची हालचाल पकडता येते. नॉर्वेनं २०१८ साली देशभराचा असा नकाशा सगळ्यांना खुला केला, मग जर्मनीनं, आणि २०२२ पासून बहुतेक युरोपसाठी युरोपियन ग्राउंड मोशन सर्व्हिस आहे, तीही फुकट. सुरुवातीचे काही दिवस नुसतं ते उघडून बसा. एकेका ठिपक्यावर क्लिक करून टाइम सिरीज, म्हणजे त्या जागेच्या हालचालीचा तारखेनुसार आलेख, बघा, कुठली सरळ खाली उतरतीय, कुठली ऋतूप्रमाणं वरखाली होतीय, कुठली मधेच मोडलीय. नजर तिथंच तयार होते.

मग कोल्हापूरचा डेटा घ्या, आणि इथं पहिली अडचण उसाची. शहरात आरसीसी बिल्डिंगा, पत्र्याची छपरं, दगडी बांधकाम, सगळं १२ दिवसांनीही तसंच असतं, त्यामुळं ठिपके दाट मिळतात. पण शहर संपून पंचगंगेकाठचा ऊस लागला की नकाशा नुसता खसखशीसारखा दिसतो, कारण ऊस वाढतो, पानं हलतात, मधे तोड होते, दोन इमेजमधला मेळच राहत नाही. याला कोहेरन्स जाणं म्हणतात. राधानगरी-गगनबावड्याच्या जंगलातही तेच. म्हणून निसारकडनं मला लै आशा आहे. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याची एल-बँडची लहर २४ सेंटीमीटरची, ती पानापाल्यातनं बरीच खाली पोचते.

आता रेफरन्स पॉइंट, याच्यावर जरा जास्त वेळ घालवा. इनसारमधलं प्रत्येक मोजमाप कुठल्यातरी एका जागेच्या तुलनेत असतं आणि ती जागा स्थिर आहे असं आपण धरतो. ती जर काळ्या मातीवरच्या एखाद्या शेडवर धरली, तर पावसाळ्यात माती फुगणार, उन्हाळ्यात आकसून भेगा पडणार, आणि सगळा नकाशा उलट्या दिशेनं डोलायला लागणार, म्हणजे कातळावरचं पक्कं घरसुद्धा पावसाळ्यात खचताना दिसेल. सॉफ्टवेअर काहीच बोलत नाही, ते मुकाट्यानं रंग भरून देतं. म्हणून पॉइंट उघड्या बेसाल्टवरच्या जुन्या बांधकामावर घ्या आणि जमलं तर गाडी काढून ती जागा डोळ्यानं बघून या. पावसाळ्यातल्या इमेजवर तर आणखी संशय घ्या, हवेतल्या बाष्पानं सिग्नलला उशीर होतो आणि सेंटीमीटरची खोटी हालचाल दिसू शकते.

डोंगरउतारावर आणखी एक गोष्ट. उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण जातो आणि बाजूला तिरकं बघतो, त्यामुळं पूर्व-पश्चिम आणि वरखाली हालचाल चांगली कळते, उत्तर-दक्षिण जवळजवळ नाहीच. पन्हाळ्याचा रस्ता २०२१ च्या जुलैत पावसानं खचला, तसल्या ठिकाणी काम करायचं तर उताराचं तोंड कुठं आहे हे आधी बघा. उत्तरेला तोंड असेल आणि नकाशावर सगळे ठिपके हिरवे, म्हणजे स्थिर, दिसत असतील, तर तेवढ्यावर उतार सुरक्षित आहे असं रिपोर्टात लिहू नका. खाली माणसं राहतात.

आणि लोकांना भलतं आश्वासन देऊ नका. माळीण २०१४ ला, इर्शाळवाडी २०२३ ला, दोन्ही वेळा मुसळधार पावसात दरड बघता बघता खाली आली. १२ दिवसांनी येणारा उपग्रह अशी वेळ सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू सरकणारे उतार, धरणं, खाणी, पाणी उपसून खचणारी शहरं, हे त्याचं क्षेत्र.

शिकायला पैसे फारसे लागत नाहीत. देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे ऑनलाइन कोर्स, नासाचं आरसेट ट्रेनिंग, दोन्ही फुकट. लॅपटॉप साधा असला तर अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या हायपी-थ्री या ऑनलाइन सेवेवर इंटरफेरोग्राम, म्हणजे दोन इमेजच्या फेजफरकाचे नकाशे, तयार करून मिळतात, मग मिंटपाय या पायथनमधल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम सिरीज काढा. पायथन आणि लिनक्स मात्र यायलाच पाहिजे. पुढं एम.टेक. करायचं असेल तर गेटला जिओमॅटिक्सचा पेपर आहे, जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायला, यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा.

इंटरव्ह्यूला रंगीत नकाशे सगळेच नेतात. तुम्ही एकच ठिपका न्या, त्याची टाइम सिरीज, जागेवर जाऊन काढलेला फोटो, तिथली माती की कातळ, भिंतीला तडा कुठल्या पावसाळ्यात गेला हे घरमालकाला विचारून लिहिलेलं, आणि ही हालचाल खरी का वाटते किंवा का वाटत नाही ते तुमच्या शब्दात.